‘साताऱ्यात कुठे बर्फ पडतो?’ म्हणून रिकॉलचं काम टाळायचं का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही गोडोलीत राहतो. माझे गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही, म्हणून गेल्या वर्षी यजमानांनी पुण्याहून वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. २०२१ चं मॉडेल. डिसेंबरात आम्ही महाबळेश्वरला मुक्कामी होतो. पहाटे वेण्णा लेकला गेलो. गाडी पीवर (पार्कवर), इंजिन आणि हीटर चालू, यजमान खाली उतरून काचेवरचं दव पुसत होते. सहा वर्षांचा मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर सरकला आणि त्याने गिअरचा दांडा ओढला. गाडी मागे निघाली. मी मागच्या सीटवरून वाकून हँडब्रेक ओढला, तेव्हा मागची चहाची टपरी हातभर अंतरावर होती.

घरी आल्यावर पहिल्या मालकांनी कंपनीचा रिकॉलचा, म्हणजे दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा, मेसेज पुढे पाठवला. थंड हवेत ब्रेक न दाबताही लिव्हर पार्कमधून निघू शकतो, दुरुस्ती मोफत, असा. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर म्हणाले, “हा थंड देशांतला प्रॉब्लेम. साताऱ्यात कुठे बर्फ पडतो? गाडी बघितली, ओके आहे. तरी उघडायचं असेल तर पंधराशे रुपये चेकिंग चार्ज.” यजमान म्हणतात, चांगली गाडी कशाला उघडायची, नंतर खडखड सुरू होते. मुलगा त्या दिवशी खूप बोलणी खाल्ल्यापासून गाडीत बसायला घाबरतो. काय करावं?

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, काम करून घ्या. या आठवड्यातच नंबर लावा आणि काम होईपर्यंत पहाटेच्या थंडीत गाडी वर नेऊ नका. पंधराशे रुपये देऊ नका. सेंटरवाल्यांनी सांगितलेलं कारण पटण्यासारखं नाही. ते का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण उद्या तुम्हाला त्यांच्यासमोर उभं राहून हेच बोलायचं आहे.

पण गाडीआधी मुलाचं. सहा वर्षांचं पोर समोर दिसेल तो दांडा ओढणारच. हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं, म्हणूनच ते पीमध्ये कुलूप बसवतात. ब्रेकवर पाय नसेल तर कितीही ओढलं तरी लिव्हर हलता कामा नये. त्या सकाळी ते कुलूप लागलेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या मुलाने गाडी बिघडवली नाही, आधीच असलेला दोष त्याच्या हातून उघडा पडला. हे त्याला बापाच्या तोंडून कळलं पाहिजे. “तुझी चूक नव्हती, गाडीत दोष होता, आपण तो दुरुस्त करून घेतोय,” एवढं यजमानांनी त्याला जवळ घेऊन सांगावं. पुढच्या सीटवर एकट्याने बसायचं नाही हा नियम त्यानंतर सांगता येईल, आणि तो तेव्हाच त्याच्या डोक्यात शिरेल.

आता यंत्र समजून घेऊ. ऑटोमॅटिक गाडी पीवर टाकली की गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी दात चाकांकडे जाणाऱ्या दंतचक्राच्या खाचेत अडकतो. दाराला आतून कडी घालावी तसं. ही कडी चुकून निघू नये म्हणून लिव्हरच्या बुडाशी, दोन सीटांच्या मधल्या कन्सोलखाली, वेगळा अडसर असतो. ब्रेकचं पेडल दाबलं की स्विचकडून करंट जातो, सोलेनॉईड (विजेवर चालणारं छोटं चुंबक) तो अडसर बाजूला करतो, बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग लिव्हर पीमधून निघतो. पाय काढून लिव्हर पीला परत आला की अडसर आपसूक जागेवर बसायला हवा. थंडीतल्या दोषाची जागा सहसा हीच. प्लॅस्टिक आकसतं, ग्रीस घट्ट होतं, अडसराची पट्टी सुस्तावते आणि पूर्ण जागेवर येत नाही. वरून गाडी पीवर दिसते, दात खाचेत अडकलेला असतो, पण त्याला राखण कुणाची नसते. इंजिन चालू असताना कुणी दांडा आरवर (रिव्हर्सवर) ओढला तर गाडी उतार नसतानाही आपोआप मागे सरकते. तुमच्याकडे नेमकं तेच घडलं.

हे नवीनही नाही. २०१३ साली अमेरिकेत होंडाने सीआर-व्ही, ओडिसी आणि ॲक्युरा आरडीएक्स या मॉडेलच्या मिळून सुमारे २ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. गोठणबिंदूच्या खाली अडसराची पट्टी मंदावते आणि ब्रेक न दाबता लिव्हर पार्कमधून निघू शकतो, असं तिथल्या नोंदीत होतं. त्या गाड्या वेगळ्या आणि तो देश वेगळा. तुमच्या गाडीशी त्यांचा संबंध नाही आणि तुमच्या कंपनीचं नाव मी इथे मुद्दामच छापत नाही. एवढंच दाखवायचं आहे की मोठमोठ्या कंपन्यांनी ज्यासाठी लाखो गाड्या मागे बोलावल्या, तो दोष किरकोळ म्हणून झटकण्यातला नाही.

“साताऱ्यात कुठे बर्फ पडतो?” या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या कुणालाही देता येईल. पोवई नाक्यावर नाही पडत. पण दर थंडीत वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो, लोक मुद्दाम पहाटे उठून तो बघायला जातात. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे, साताऱ्यापेक्षा जवळजवळ दोन हजार फूट वर. त्यात निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते आणि गार, जड हवा तळ्याकाठच्या सखल भागात साचते. म्हणून बाजारपेठेत थंडी सोसण्याजोगी असताना तळ्याकाठी दव गोठलेलं असतं. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचं आतलं तापमानही पहाटेपर्यंत बाहेरच्याइतकंच उतरतं आणि तो अडसर तर कन्सोलच्या आतच असतो. तुमची गाडी त्या रात्री उघड्यावर होती असं मी धरून चालतो.

यातच सर्व्हिस सेंटरच्या ‘ओके’चं उत्तर आहे. तुम्ही गाडी दाखवली असेल सकाळी अकरानंतर, हीटर नाहीतर उन्हात तापलेली, साताऱ्याच्या हवेत. त्या वेळी अडसर व्यवस्थितच चालणार. थंडीतला दोष उन्हात सापडत नाही आणि तो सापडावा अशी अटही नसते. रिकॉलमध्ये गाडी दोष दाखवते की नाही हे बघायचं नसतं. तिचा चासी नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, यादीत आहे की नाही एवढंच बघायचं असतं. असेल तर पार्ट बदलायचा किंवा कंपनीने सांगितलेली दुरुस्ती करायची, आणि सेंटरच्या सल्लागाराला तिथे स्वतःचं मत घालायला जागा नाही. त्याला वाईट म्हणत नाही मी, अनेकदा त्यांच्याकडे पार्टच आलेला नसतो आणि समोरचं गिऱ्हाईक परत पाठवायला सोपं वाक्य हवं असतं. पण पार्ट नाही तर तसं सांगावं, नंबर लावून घ्यावा. गरज नाही असं सांगून माणसाला धोक्यात घरी पाठवू नये.

पैशांचं. रिकॉलच्या कामाचा खर्च कंपनीचा असतो, पार्टचा आणि मजुरीचाही. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता जुलै २०१२ पासून आहे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सुरक्षेशी संबंधित दोष असलेल्या, ७ वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं, आणि तशा आदेशात दंड १ कोटीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या बाबतीत तर कंपनीने स्वतःच मेसेजमध्ये ‘मोफत’ लिहिलंय. मग ‘चेकिंग चार्ज’ कशाचा? हा प्रश्न तोंडी विचारण्यापेक्षा लेखी विचारलेला बरा, त्याकडे येतोच.

तुमच्या मनात न लिहिलेली एक शंका मला दिसते. गाडी सेकंडहँड आहे, मग आपल्याला हक्क आहे का? रिकॉल चासी नंबरचा असतो, मालक कितवा हे त्यात येत नाही. घोळ होतो तो पत्त्याचा. आरटीओत आरसी तुमच्या नावावर झाली, विमा झाला, तरी कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत पहिल्या गिऱ्हाइकाचाच मोबाईल राहतो. पुण्याच्या त्या गृहस्थांनी गाडी विकून वर्ष झाल्यावरही मेसेज आठवणीने पुढे पाठवला, त्यांना एक फोन करून आभार माना. सगळे असं करत नाहीत. आणि आज संध्याकाळीच कंपनीच्या कस्टमर केअरला तुमचं नाव, नंबर आणि पत्ता कळवा, म्हणजे पुढचा मेसेज थेट तुम्हाला येईल.

त्याच वेळी कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघा. बहुतेक कंपन्यांनी रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या नावाने तशी सोय दिलेली असते. नंबर १७ अक्षरांचा असतो आणि आरसीवर मिळतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. तेव्हा गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक. बऱ्याच जणांचं ‘नंबर सापडत नाही’ इथेच होतं. यादीत नंबर दिसला की त्या पानाचा फोटो काढून ठेवा. सल्लागाराशी वाद घालायची वेळ आलीच तर तो फोटो पुढे करा.

आता सेंटरला काय म्हणायचं. फोनवर नाही, ईमेलवर. चार ओळी पुरेत: गाडीचा नंबर, चासी नंबर, कंपनीचा मेसेज अमुक तारखेला आला, अमुक तारखेला वेण्णा लेकला ब्रेक न दाबता लिव्हर पार्कमधून निघाला आणि गाडी मागे गेली, आत मूल होतं. रिकॉलच्या कामासाठी तारीख द्या, आणि पंधराशे रुपये मागण्यात आले ते कोणत्या कामाचे हे लेखी कळवा. हा ईमेल सेंटरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकदमच पाठवा. ‘आत मूल होतं’ हे वाक्य गाळू नका. भिडेखातर आपण नेमका तोच भाग सौम्य करून लिहितो.

गाडी देताना रिकॉलचं जॉब कार्ड वेगळं करायला सांगा. त्यातच सर्व्हिसिंग, अलाइनमेंट, एसी क्लीनिंग घुसलं की शेवटी बिल येतं आणि मोफत काय होतं ते कळत नाही. ‘थंडीचा त्रास आहे तर गिअरबॉक्सचं ऑइल फ्लश करून टाकू’ असंही कुणी सुचवेल. त्या ऑइलचा या अडसराशी काही संबंध नाही. ऑइल बदलायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला. काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक, काय बदललं ते आणि शून्य रकमेचं बिल, एवढं घेतल्याशिवाय चावी घेऊ नका.

यजमानांची खडखडीची भीती मी उडवून लावणार नाही. कन्सोलच्या प्लॅस्टिक क्लिपा निष्काळजीपणे काढल्या तर तुटतात आणि मग खड्ड्यात आवाज येतो, हे खरं आहे. म्हणून गाडी घ्यायला यजमानांनीच जावं, सेंटरच्या बाहेर एक चक्कर मारावी, कन्सोल हाताने दाबून बघावा आणि आवाज असेल तर तिथेच परत आत घालायला लावावी. क्लिप नवी बसवता येते, त्यासाठी कुलूप मोडकं ठेवून गाडी चालवायची नसते. विक्रीची किंमत पडेल अशी कुणी भीती घातली असेल तर तीही सोडा. रिकॉल झाल्याचा कागद असलेली गाडी घेणाऱ्याला उलट बरी वाटते. आणि जे कुणी वापरलेली गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी टोकन देण्याआधीच चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघावा.

गल्लीतल्या गॅरेजवाल्याचा सल्ला मात्र या एका बाबतीत घेऊ नका, तो कितीही कसबी असला तरी. कुणी लिव्हरच्या फटीत स्प्रे मारेल. तो आतल्या स्विचवर आणि सोलेनॉईडवर उतरतो, आणि पुढे कंपनी म्हणायला मोकळी की गाडीत बाहेरच्यांनी हात घातला. कुणी म्हणेल, ते लॉक काढूनच टाकतो, कटकट नको. तसं केलं तर बाराही महिने तुमची गाडी त्या पहाटेसारखी होईल. लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, त्यात चावी किंवा पेचकस घालून लॉक सोडवता येतं. ती सोय बॅटरी उतरली तर गाडी ढकलण्यासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

काम होईपर्यंत गाडी वापरू शकता. चालत्या गाडीत या अडसराचा काही धोका नाही, त्याचं काम फक्त पीमध्ये असतं. जपायचं ते उभ्या गाडीला. थांबताना पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर एनवर (न्यूट्रलवर) घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पाय हलका सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि शेवटी पीवर टाका. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात, नुसतं पीवर टाकून उतरतात, आणि मग गाडीचं सगळं ओझं त्या एका दातावर येतं. यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात असं उभं राहून निघताना ‘धाड्’ असा आवाज येतो, तो त्याचाच. उतारावर चाकं कडेकडे वळवा. चाकामागे दगड लावला तर निघताना तो उचलून बाजूला टाका. घाटात रस्त्याच्या मधोमध सोडलेल्या अशाच दगडांवर रात्री दुचाकीवाले आदळतात, आणि याचा मला फार राग येतो.

काच पुसायला, पाणी आणायला, एक मिनिट का होईना, खाली उतरताना इंजिन बंद आणि चावी खिशात. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी आत ठेवून उतरलात तर उपयोग नाही, ती तुमच्यासोबत बाहेर हवी. मुलाला आत एकटं सोडायचं नाही, गाडी दुरुस्त झाल्यावरही नाही.

दुरुस्तीनंतर तपासणी घरीच करता येते, पण ती मोठ्या माणसानेच करायची. पहाटे, गाडी थंड असताना, सपाट मोकळ्या जागेत, पुढे-मागे कुणी नसताना. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू, ब्रेकवर पाय नाही. लिव्हर पीमधून काढून बघा. हलता कामा नये. मग ब्रेक दाबा, ‘टक्’ ऐकू येईल आणि लिव्हर निघेल. गोडोलीतली पहाट वेण्णा लेकइतकी गार नसते, म्हणून ही तपासणी पास झाली तरी रिकॉलचा कागद हवाच. आणि आत्ता, काम होण्याआधी गाडी यात पास झाली, तर त्यावरून काम टाळू नका.

हे वाचून ‘आमचीही गाडी थंडीत गिअरला जड जाते’ असं म्हणणारे बरेच निघतील. त्यांची गोष्ट वेगळी आहे. मॅन्युअल गाडीत सकाळी पहिला-दुसरा गिअर जड लागतो तो बहुधा घट्ट झालेल्या गिअर ऑइलमुळे. थोडं सावकाश चालवलं की सुटतो, न सुटला तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल आहे ना ते बघा. आपल्याकडे खूप विकल्या जाणाऱ्या एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर आपोआप चालणाऱ्या) गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना तर पी नसतोच. त्या गाडी गिअरमध्ये ठेवून, इंजिन बंद करून, हँडब्रेक लावूनच उभ्या करायच्या. आणि लिव्हर पीमधून निघतच नाही ही तक्रार तुमच्या नेमकी उलट आहे. तिथे आधी मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकलाइट लागतात का ते बघावं.

ईमेल पाठवून आठ दिवसांत तारीख मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसंबंधी तक्रार नोंदवण्याची सोयही आहे, तिथे तुमचा प्रसंग तारखेसह नोंदवाच, कारण असे प्रसंग नोंदले गेले तरच सरकारला दोष किती पसरलाय ते दिसतं. त्यानंतरचा रस्ता साताऱ्यातल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा कस्टमर केअरला प्रत गेलेल्या पहिल्या ईमेललाच सेंटरचा फोन येतो. नाहीच आला, तर त्या ईमेलची प्रत जोडून मला पुन्हा लिहा.